बेट्स गेला तो आदल्या हिवाळ्यात

बॉस्टन रेड सॉक्सने मूकी बेट्स गमावला तो फेब्रुवारी २०२० मध्ये, असे सगळेच सांगतात. त्या महिन्याच्या १० तारखेला लॉस एंजेलिस डॉजर्सबरोबरचा सौदा जाहीर झाला. याच क्लबने २०११ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला आणि घडवलेला सत्तावीस वर्षांचा राइट फील्डर तीन तरुण खेळाडूंच्या बदल्यात दुसऱ्याच्या हवाली झाला. तेव्हापासून या सौद्यावर जितकी टीका झाली तितकी गेल्या पंचवीस वर्षांत बेसबॉलमधल्या क्वचितच एखाद्या सौद्यावर झाली असेल. टीका रास्त आहे, पण ती चुकीच्या तारखेवर होते, असे माझे म्हणणे आहे. फेब्रुवारीत फक्त सह्या झाल्या. बेट्स हातातून निसटला तो त्याच्या आदल्या हिवाळ्यात, विजयाच्या आनंदात केलेल्या करारांमुळे, आणि त्या करारांवर त्याचे नावही नव्हते. संघबांधणीत हिवाळ्यातली खरी घोडचूक कशी घडते, हे यातून जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कुठल्या प्रकरणातून दिसत असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे थोडी पार्श्वभूमी हवी. अमेरिकेतल्या मेजर लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा. वर्ल्ड सिरीज ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते आणि फेब्रुवारीत पुन्हा सराव शिबिरे भरतात. मधल्या साडेतीन महिन्यांत संघ नव्याने उभा राहतो: चाळीस जणांच्या यादीत कुणाला ठेवायचे, कुणाला सोडायचे, कुणाशी किती वर्षांचा करार करायचा, कुणाला विकायचे. आयपीएलमध्ये २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची थैली १२० कोटींची होती, त्यापलीकडे एक रुपयाही नाही. आणि दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन बहुतेक पाटी कोरी होते. बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर पगार गेला तर लक्झरी टॅक्स भरायचा, इतकेच. करार दहा-बारा वर्षांचेही होतात आणि ते पूर्ण पाळावे लागतात. म्हणून इथे एका हिवाळ्याची चूक पुढच्या पाच हिवाळ्यांच्या डोक्यावर बसते.

दुसरी गोष्ट वयाची. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडू आपल्या क्लबला बांधलेला असतो. पहिली साधारण तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो, पुढची तीन लवादाच्या पद्धतीने पगार ठरतो, आणि मग तो मोकळा होतो. म्हणजे तेवीस ते अठ्ठावीस या ऐन उमेदीच्या वयात तो क्लबला स्वस्तात पडतो, आणि मोठा पैसा त्याला तिशीच्या उंबरठ्यावर मिळतो. बेट्सने २०१८ मध्ये .३४६ च्या सरासरीने फलंदाजी केली, ३२ होमरन मारले, ३० बेस चोरले, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षीचा त्याचा पगार होता १ कोटी ५ लाख डॉलर. तोही क्लबने ७५ लाखच देऊ केले होते म्हणून लवादासमोर जाऊन त्याने मिळवलेला.

आता तो निर्णायक हिवाळा. २०१८ मध्ये रेड सॉक्सने १०८ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सनाच ४-१ असे हरवले. त्या मालिकेतला तिसरा सामना अठरा डाव चालला. त्यात नेथन इओवाल्डी राखीव पिचर म्हणून येऊन सहा डावांहून अधिक टाकत राहिला आणि शेवटी मॅक्स मन्सीच्या होमरनने हरला. पण त्या हरलेल्या सामन्यानेच तो शहराचा लाडका झाला. डिसेंबरमध्ये क्लबने त्याला चार वर्षांसाठी ६.८ कोटी डॉलर दिले. त्याच्या कोपरावर तोवर दोनदा स्नायुबंध बदलण्याची शस्त्रक्रिया झालेली होती. वर्ल्ड सिरीजचा मानकरी स्टीव्ह पिअर्सला एका वर्षासाठी ६२.५ लाख मिळाले. मार्च २०१९ मध्ये क्रिस सेलशी पाच वर्षांचा, १४.५ कोटींचा करार झाला. तो २०२० पासून, म्हणजे सेल एकतीस वर्षांचा झाल्यावर, लागू होणार होता. २०१८ च्या उत्तरार्धात सेलचा खांदा दुखावला होता आणि शेवटचे आठवडे त्याला जपून वापरावे लागले होते. हे सगळे क्लबला ठाऊक होते. तरीही करार झाले, कारण या माणसांनी नुकताच झेंडा लावला होता आणि त्यांना नाही म्हणणे जड होते.

ही कृतज्ञता मला समजते, आणि ती मानवी आहे. पण करार मागच्या उन्हाळ्याचा होत नसतो, पुढच्या उन्हाळ्यांचा होतो. पिअर्स २०१९ मध्ये २९ सामने खेळला, सरासरी .१८०. इओवाल्डीच्या कोपरावर एप्रिलमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली. (पुढे २०२१ मध्ये तो उत्तम खेळला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.) सेलचे काय झाले ते मात्र आकड्यांतच सांगावे लागेल. २०२० मध्ये एकही सामना नाही, २०२१ मध्ये ९, २०२२ मध्ये २, २०२३ मध्ये २०. सुरुवातीचा पिचर एका पूर्ण हंगामात साधारण बत्तीस सामने सुरू करतो. सेलने चार वर्षांत मिळून ३१ केले. मग डिसेंबर २०२३ मध्ये रेड सॉक्सने त्याला अटलांटाला दिला, वर त्याच्या पगारापैकी १.७ कोटी स्वतः भरले, आणि पुढच्या हंगामात तो नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. यात दुर्दैवाचा वाटा आहेच. पण तिशी ओलांडलेल्या पिचरच्या खांद्यावर आणि कोपरावर पाच वर्षांची बोली लावताना दुर्दैव हिशेबात धरावेच लागते.

२०१९ चा हंगाम ८४ विजयांवर संपला, रेड सॉक्स बाद फेरीत पोहोचले नाहीत. सप्टेंबरमध्ये संघ उभारणारे डेव्ह डोम्ब्रोव्स्की यांना काढण्यात आले आणि मुख्य मालक जॉन हेन्री यांनी पगाराचा खर्च कराच्या मर्यादेखाली आणायचा असल्याचे उघड सांगितले. ती मर्यादा २०२० साठी २०.८ कोटी डॉलर होती. टॅम्पा बे रेज या काटकसरी क्लबमधून काइम ब्लूम यांना आणले गेले. त्यांच्यापुढे जी यादी होती तिच्यात विकता येण्याजोगे होते तरी काय? सेल जायबंदी. डेव्हिड प्राइसचा, तिशीत आल्यावर केलेला सात वर्षांचा २१.७ कोटींचा करार अजून तीन वर्षे बाकी. इओवाल्डी नुकताच शस्त्रक्रियेतून उठलेला. ज्याला गिऱ्हाईक होते असा महागडा खेळाडू एकच, आणि तो सर्वांत चांगला होता. बेट्सबरोबर प्राइसही पाठवला, प्राइसच्या उरलेल्या ९.६ कोटींपैकी निम्मे बॉस्टनने सोसले, आणि मोबदल्यात आले अलेक्स वर्डुगो, जीटर डाउन्स, कॉनर वाँग. बेट्सच्या किमतीतला एक भाग प्राइसचे ओझे उतरवण्यात गेला. या सगळ्या व्यवहारालाच मी आदल्या हिवाळ्याची वसुली म्हणतो.

आता साधा भागाकार करू. सेलचा करार वर्षाला २.९ कोटींचा, इओवाल्डीचा १.७ कोटींचा, दोन्ही मिळून ४.६ कोटी. जुलै २०२० मध्ये डॉजर्सनी बेट्सशी बारा वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला, म्हणजे वर्षाला ३.०४ कोटी, आणि त्यातले ११.५ कोटी पुढे ढकललेले. एका माणसासाठी पैसे नव्हते म्हणून तो विकला गेला असे जे म्हटले जाते, ते या तीन आकड्यांपुढे टिकत नाही. पैसे होते, ते दोन दुखऱ्या हातांवर आधीच लावून झाले होते.

यावर पहिला आक्षेप असा की बेट्स थांबणारच नव्हता. त्याने खुल्या बाजारात आपली किंमत पाहायची इच्छा कधी लपवली नव्हती. त्या वेळच्या वृत्तांनुसार क्लबने त्याला दहा वर्षांसाठी ३० कोटी देऊ केले होते आणि त्याने बारा वर्षांसाठी ४२ कोटी मागितले होते. मग एका वर्षानंतर हात चोळत बसण्यापेक्षा काहीतरी पदरात पाडून घेणे शहाणपणाचे नव्हते का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण बेट्सने अखेरीस सही केली ती देऊ केलेली आणि मागितलेली या दोन्हींच्या जवळजवळ मधोमध पडणाऱ्या रकमेवर. बारा वर्षे त्याची, रक्कम तडजोडीची. तीही डॉजर्ससाठी एकही अधिकृत सामना खेळण्याआधी. महामारीने बाजार अनिश्चित केला होता आणि त्याचा परिणाम त्याच्या मनावर झाला असणार, हे खरे. तरी खुल्या बाजारात जाण्याचा त्याचा निश्चय दगडावरची रेघ नव्हता, एवढे त्या सहीने दाखवले. बॉस्टनने मधली रक्कम गांभीर्याने मांडली असती तर तो थांबला असताच, असे मी म्हणणार नाही. पण मांडण्यासाठी जागाच उरू नये अशी तजवीज क्लबने स्वतः करून ठेवली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लांब करार बहुधा फसतातच, मग बेट्सचा अपवाद कशासाठी? याचे उत्तम उदाहरण सेंट लुइसचे. २०११ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर कार्डिनल्सनी अल्बर्ट पुजोल्सला, त्या पिढीतल्या सर्वांत मोठ्या फलंदाजाला, जाऊ दिले. एंजल्सनी त्याला दहा वर्षांचे २४ कोटी दिले आणि त्याचा खेळ तिथे वर्षागणिक उतरत गेला. कार्डिनल्सना भरपाई म्हणून मिळालेल्या ड्राफ्टमधल्या निवडीतून मायकेल वाका आला. २०१३ मध्ये तो नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला आणि संघ वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला. मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो. माझ्या म्हणण्याला तो छेद देत नाही, उलट आधारच देतो. पुजोल्स जानेवारी २०१२ मध्ये बत्तीस वर्षांचा झाला होता. कार्डिनल्सनी झेंड्याची बक्षिसी द्यायला नकार दिला. 'तारा कधीच सोडू नये' असा माझा दावा नाही. ताऱ्याला तो काय करून गेला यासाठी पैसे द्यायचे की काय करणार आहे यासाठी, हा प्रश्न आहे, आणि सत्तावीस व एकतीस यांतले अंतर त्यात निर्णायक ठरते. वॉशिंग्टन नॅशनल्सनी याच प्रश्नाचे उलटे उत्तर दिले. २०१९ ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्याबद्दल तिचा मानकरी पिचर स्टीव्हन स्ट्रॅसबर्गशी डिसेंबरमध्ये सात वर्षांचा २४.५ कोटींचा करार झाला. त्यानंतर तो आयुष्यात केवळ आठ सामने खेळला. त्याच हिवाळ्यात वॉशिंग्टन सोडून तेवढ्याच रकमेवर एंजल्सकडे गेलेला अँथनी रेंडनही दुखापतींतच अडकला, तेव्हा दुसरा पर्याय निवडला असता तरी सुख नव्हते. दोघेही तिशीच्या आसपासचे.

तिसरा मुद्दा कराचा, आणि तो मी थोडक्यातच घेतो, कारण त्याच्या नावाचा धाक जितका आहे तितके त्यात वजन नाही. रेड सॉक्सने लक्झरी टॅक्स म्हणून २०१८ साठी सुमारे १.२ कोटी आणि २०१९ साठी सुमारे १.३४ कोटी डॉलर भरले. सलग तिसऱ्या वर्षी मर्यादा ओलांडली असती तर जादा खर्चावर निम्मा कर बसला असता, शिवाय मर्यादेपलीकडे २ कोटींहून जास्त गेलेल्या रकमेवर आणखी १२ टक्के. समजा संघ ३ कोटींनी वर गेला असता, तर कर १ कोटी ६२ लाख. फोर्ब्सने याच क्लबचे मूल्य २०१९ मध्ये ३२० कोटी डॉलर धरले होते. एका वर्षासाठी खाली येऊन दर पुन्हा २० टक्क्यांवर आणणे हा शहाणा व्यवहार असू शकतो, हे मान्य. पण तसे करायचे तर शिस्तही मग शेवटपर्यंत पाळायला हवी. २०२२ मध्ये काय झाले? संघ ७८ विजयांसह गटात तळाला गेला, आणि तरीही कराची मर्यादा जेमतेम ओलांडून बसला. कर सुमारे १२ लाखांचा, पण त्यापायी झेंडर बोगार्ट्स आणि इओवाल्डी सोडून गेले तेव्हा भरपाईच्या ड्राफ्ट निवडी दुसऱ्या फेरीनंतर मिळायच्या त्या चौथ्या फेरीनंतर मिळाल्या. ज्या हिशेबीपणासाठी बेट्स विकला, तो हिशेबीपणा दोन वर्षांत विसरला गेला.

ब्लूम यांच्यावर सगळे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते. टॅम्पात ते जी रीत शिकले ती तिथे खरीच होती. ज्या क्लबची कमाईच तोकडी आहे, त्याला इव्हान लोंगोरिया किंवा ब्लेक स्नेल वेळेवर विकूनच पुढचा संघ उभा करावा लागतो. तिथे भावनेला जागा देणे म्हणजे दशकभर तळाला राहणे. बॉस्टनमध्येही बारीकसारीक निर्णयांत ब्लूम यांची नजर पक्की होती. डिसेंबर २०२० मध्ये यँकीजनी चाळीसच्या यादीबाहेर ठेवलेला गॅरेट व्हिटलॉक हा पिचर त्यांनी नियम पाचच्या ड्राफ्टमधून अवघ्या १ लाख डॉलरला उचलला आणि तो पुढच्याच हंगामात संघाचा आधार झाला. २०२१ मध्ये हाच संघ अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला आणि ह्यूस्टनकडून ४-२ असा हरला. पण अशा चाणाक्ष खरेदीचा उपयोग ताऱ्याच्या भोवतीची माणसे स्वस्तात मिळवण्यासाठी असतो. तारा विकून ती करत बसले तर श्रीमंत क्लब गरीब क्लबची नक्कल करतो, आणि श्रीमंतीचा एकमेव खरा फायदा, म्हणजे लांब कराराची जोखीम पेलण्याची ताकद, वापराविना पडून राहतो. कराच्या भीतीने रेड सॉक्स कुठवर गेले होते याचे एक उदाहरण ब्लूम येण्याच्याही आधीचे आहे आणि ते मला फार अस्वस्थ करते. रस्नी कास्तियो या क्युबन खेळाडूशी २०१४ मध्ये ७.२५ कोटींचा सात वर्षांचा करार झाला. चाळीसच्या यादीबाहेर असेपर्यंत त्याचा पगार कराच्या हिशेबात धरला जात नव्हता, म्हणून तो पॉटकेटच्या दुय्यम संघात .३०० च्या वर सरासरीने खेळत असतानाही त्याला वर आणले गेले नाही. माणसाची उमेदीची वर्षे पॉटकेटमध्ये सरली.

बेट्सची तुलना याच क्लबने केलेल्या बेब रूथच्या विक्रीशी करण्याची बॉस्टनमध्ये हौस आहे. जानेवारी १९२० आणि फेब्रुवारी २०२०, शंभर वर्षांचे अंतर, दोन्ही वेळा आउटफील्डर. मला त्यात काही सापडत नाही. रूथच्या विक्रीने लागलेल्या शापाची भाषा आली की निर्णय घेणाऱ्यांची जबाबदारी संपते, आणि इथे नावे, तारखा व रकमा सगळ्या समोर आहेत. त्यापेक्षा आज हाच क्लब काय करतो आहे हे पाहणे उपयोगाचे. गॅरेट क्रोशे हा डावखुरा पिचर डिसेंबर २०२४ मध्ये आणून काही महिन्यांतच त्याच्याशी सहा वर्षांचा १७ कोटींचा करार झाला. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, आणि २०२५ मध्ये त्याने २५५ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. रोमन अँथनीशी ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याच्या पहिल्याच हंगामात, आठ वर्षांचा १३ कोटींचा करार झाला, वय एकवीस. हा अँथनी ड्राफ्टमध्ये मिळाला तो एडुआर्डो रॉड्रिगेझला डेट्रॉइटला जाऊ दिल्याच्या भरपाईतून, म्हणजे न केलेल्या एका महागड्या कराराचे हे फळ. सगळेच डाव लागलेले नाहीत. क्रिस्टियन कँपबेलशी एप्रिल २०२५ मध्ये आठ वर्षांचा ६ कोटींचा करार केला आणि जूनमध्ये त्याला दुय्यम संघात परत पाठवावे लागले. राफाएल डेव्हर्सशी २०२३ च्या सुरुवातीला ३१ कोटींहून मोठा करार झाला आणि कुठल्या जागी खेळायचे यावरून बिनसल्यावर जून २०२५ मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकले. पुढच्या वर्षांवर लावलेला पैसाही बुडतो. पण कँपबेलचे वय बावीस होते. चूक दुरुस्त व्हायला त्याच्याकडे वेळ आहे. सेलचा करार सुरू झाला तेव्हा तो वेळ नव्हता.

शेवटचा आक्षेप अजून पुरता उच्चारला गेलेला नाही, पण तो येणार. बेट्सचा करार २०३२ पर्यंत आहे. त्या ऑक्टोबरात तो चाळीस वर्षांचा होईल. २०२५ मध्ये त्याची सरासरी .२५८ होती, कारकिर्दीतली सर्वांत कमी. बत्तिसाव्या वर्षी तो राइट फील्ड सोडून पूर्णवेळ शॉर्टस्टॉपला खेळू लागला, म्हणजे संघाला नडलेली सर्वांत अवघड जागा त्याने घेतली, तरी बॅट थोडी मंदावली हे खरे. पुढची काही वर्षे डॉजर्सना महाग पडतील, आणि एखाद्या हिवाळ्यात बॉस्टनमधून कुणीतरी म्हणेलच की पाहा, आम्ही सांगत होतो. तेव्हा २०२०, २०२४ आणि २०२५ या तीन वर्ल्ड सिरीज हिशेबात धराव्या लागतील. पहिलीच्या निर्णायक सामन्यात टॅम्पाने पिचर बदलल्यावर सहाव्या डावात बेट्सने डबल मारला आणि आघाडीची धाव घेत घसरत होम प्लेटवर पोहोचला. आठव्यात होमरन मारला. बॉस्टनला त्याच्या बदल्यात मिळालेल्या तिघांपैकी डाउन्सला डिसेंबर २०२२ मध्ये यादीतून काढले, वर्डुगोला डिसेंबर २०२३ मध्ये यँकीजना दिले, आणि २०२५ च्या हंगामात बॉस्टनच्या कपड्यांत उरला होता तो एकटा कॅचर वाँग, वर्षभरात एकही होमरन न मारलेला.